मैदानावर दुखापत झाल्यानंतर उपचारांची वाट कशी धरावी

तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या कबड्डी-खो-खोच्या मैदानावर एखादा खेळाडू जायबंदी झाला, की पुढचे निर्णय बहुतेक वेळा भोवतीची गर्दीच घेते. कोणी पाय ओढून पाहतो, कोणी ओळखीच्या हाडवैद्याचे नाव सुचवतो, कोणी थंड फवारा मारून त्याला पुन्हा चढाईला पाठवतो. क्रीडावैद्यकाचे तज्ज्ञ आपल्याकडे मोजके आहेत आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, हे खरे आहे. परंतु दुखापतीच्या दिवशी कुठे जायचे, आठवड्याच्या आत पुन्हा कोणाला दाखवायचे आणि फिजिओथेरपी केव्हा सुरू करायची, हे कोणीच ठरवलेले नसल्यामुळे होणारे नुकसान तज्ज्ञांच्या तुटवड्यामुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा अधिक असते, असे माझे मत आहे. पुढील मार्गदर्शन मंडळांचे पदाधिकारी, शाळांचे क्रीडाशिक्षक, पालक आणि स्वतः खेळाडू यांच्यासाठी आहे. त्यातील व्यवस्थेची माहिती प्रामुख्याने महाराष्ट्राची आहे.

सामन्याच्या आदल्या दिवशी

मैदानापासून जवळच्या कोणत्या रुग्णालयात संध्याकाळनंतरही एक्स-रे निघतो, याची फोन करून खात्री करून घ्यावी. ग्रामीण रुग्णालयात यंत्र असते, पण ते चालवणारा तंत्रज्ञ रात्री असेलच असे नाही, आणि स्पर्धा मात्र प्रकाशझोतात मध्यरात्रीपर्यंत चालतात. अस्थिरोगतज्ज्ञ साधारणपणे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात भेटतात. तिथपर्यंतचे अंतर आणि गाडीची सोय आधीच पाहून ठेवावी. मंडळाच्या पेटीत रुंद क्रेप बँडेज, त्रिकोणी कापडी झोळी, पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या आणि कात्री असावी. बर्फासाठी गावातल्या आइस्क्रीमच्या दुकानाशी बोलून ठेवले तरी पुरते.

थेट रुग्णालयात न्यावे अशा दुखापती

काही दुखापतींमध्ये घरी थांबून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डोके किंवा मान यांवर खेळाडू आपटला असेल आणि मानेत दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ते हलवता येत नसतील, तर त्याला उचलून मैदानाबाहेर नेण्याची घाई करू नये. एकाने त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे, सामना थांबवावा आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची वाट पाहावी. ही सेवा राज्यात २०१४पासून उपलब्ध असून ती विनामूल्य आहे. सामना खोळंबला म्हणून प्रेक्षक ओरडतील. त्यांना ओरडू द्यावे.

डोक्याला मार लागल्यावर शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, हा समज चुकीचा आहे. खेळाडू गोंधळलेला दिसत असेल, गुणसंख्या विचारल्यावर त्याला सांगता येत नसेल, तोल जात असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये, मग तो संघाचा हुकमी चढाईपटू का असेना. वारंवार उलट्या, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा वागण्यातला बदल यांपैकी काहीही दिसले, तर सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. अशी लक्षणे नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, पहिली रात्र त्याला एकटे झोपू देऊ नये आणि गाडी चालवू देऊ नये.

हाडाचा आकार वेडावाकडा दिसणे, जखमेतून हाड दिसणे किंवा सांधा निखळणे, यांतही थेट रुग्णालयच गाठावे लागते. खांदा निखळला असता तो मैदानावरच झटका देऊन बसवणारे ‘अनुभवी’ हात प्रत्येक गावात असतात. खांद्याच्या निखळण्यासोबत हाडाचा तुकडा उडालेला असू शकतो, आणि खांद्यालगत जाणाऱ्या नसेला इजा झालेली असू शकते. झटक्याने ती वाढते आणि नंतर दोष कशाचा हे कळतही नाही. हात आहे त्या स्थितीत झोळीने छातीशी बांधावा आणि खेळाडूला न्यावे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत चहा-बिस्किटे देऊ नयेत.

गुडघ्याचा सांधाच पूर्ण निखळला असेल, तर प्रश्न पायाच्या अस्तित्वाचा असतो, कारण गुडघ्यामागील रक्तवाहिनी फाटू किंवा दबू शकते आणि रक्तपुरवठा सहा तासांहून अधिक काळ थांबला तर पाय वाचवणे अवघड होते. असा गुडघा कधीकधी आपोआप जागेवर येतो आणि वरवर साधा सुजलेला दिसतो. म्हणून मोठ्या आघातानंतर पाऊल थंड किंवा फिके पडले, बोटे बधिर झाली, तर रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयाकडेच निघावे. पिंढरी किंवा हात दगडासारखा टणक होऊन वेदना सतत वाढत जाणे आणि बोटे सरळ केल्यावर ती असह्य होणे, हेही तितकेच तातडीचे लक्षण आहे. प्लास्टर घातल्यानंतर असे झाले, तर दुसऱ्या दिवसाच्या भेटीची वाट पाहू नये.

मुरगळलेल्या घोट्याला एक्स-रे हवा का

घोटा मुरगळणे ही मैदानावरची नेहमीची दुखापत, आणि तिच्याबाबत कॅनडातील ओटावा येथे १९९२मध्ये तयार झालेली एक सोपी तपासणी जगभर वापरली जाते. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, अंगठ्याने हळूहळू दाबत यावे. मग तेच आतल्या हाडावर करावे. त्यानंतर पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर हाताला लागणारा उंचवटा आणि आतल्या बाजूला घोट्याच्या किंचित पुढचे हाड दाबून पाहावे. यांपैकी कुठेही नेमके हाडावर दुखत असेल, किंवा दुखापत झाल्या झाल्या आणि नंतर तपासतानाही खेळाडूला चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावलेही येथे धरली जातात. हाडावर दुखत नसेल आणि चार पावले पडत असतील, तर हाड मोडले असण्याची शक्यता अगदी कमी असते आणि रात्रीच चाळीस किलोमीटर गाडी काढण्याचे कारण उरत नाही.

ही तपासणी दारू प्यायलेल्या, बधिर पायाच्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसावर विसंबून करू नये. लहान मुलांच्या बाबतीतही जपून राहावे, कारण वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा थर सांध्याच्या बंधांपेक्षा (लिगामेंटपेक्षा) नाजूक असतो. मोठ्यांचा जिथे बंध ताणला जातो, तिथे मुलाचा वाढीचा थर दुखावतो. मुलांची हाडे जुळतातही लवकर, त्यामुळे वाकडे जुळण्याआधी पोहोचायचे तर ‘पंधरा दिवस बघू’ हे धोरण त्यांना परवडत नाही.

गुडघ्यासाठी अशाच कसोट्या आहेत: वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या छोट्या हाडाच्या डोक्यावर नेमके दुखणे, गुडघा काटकोनात न वाकणे, चार पावले न पडणे, किंवा वय ५५ आणि त्याहून अधिक असणे. मात्र गुडघ्याच्या दुखापतीत एक्स-रे निर्दोष आला म्हणून निर्धास्त होण्यासारखी चूक नाही, कारण बंध आणि गादी (सांध्यातील हाडांमधली कूर्चा) एक्स-रेमध्ये दिसतच नाहीत. याविषयी पुढे अधिक लिहिले आहे.

पहिले दोन-तीन दिवस

बर्फाने दुखणे कमी होते, आणि त्याचा उपयोग तेवढाच समजावा. १९७८पासून प्रचलित असलेला ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंची’ हा मंत्र आता बराच सौम्य झाला आहे: संपूर्ण विश्रांतीऐवजी एक-दोन दिवसांचा आराम आणि मग दुखणे सांभाळत केलेली हालचाल, असा कल आहे. बर्फ ओल्या पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवल्यास ती जळते. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुडघ्याकडे गुंडाळत न्यावे, बोटांची टोके उघडी ठेवावीत, आणि झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले नाही, तर बँडेज घट्ट झाले आहे. ते सोडून पुन्हा बांधावे. झोपताना पाय उशीवर, म्हणजे हृदयाच्या पातळीहून वर असावा.

या दिवसांत शेकणे, मालिश आणि दारू टाळावी. आंबेहळदीचा लेप लावला तर फारसे बिघडत नाही, बिघडते ते तो चोळून लावल्याने. मांडीवर गुडघा लागून आत रक्त साकळलेले असताना, किंवा कोपराला मार लागलेला असताना जोरात मालिश केल्यास स्नायूच्या आत हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा आखडू शकतो. हाडवैद्यांविषयी गावाच्या मनात जो आदर आहे, तो एका लेखाने बदलणार नाही आणि त्यांच्यातील सगळ्यांचाच हात वाईट असतो असेही नाही. तरीही एक्स-रे काढण्याआधी कोणालाही ओढू-बसवू देऊ नये आणि बांबूच्या पट्ट्यांचे घट्ट बंधन, विशेषतः लहान मुलाच्या हातावर, बांधू देऊ नये, एवढे दोन नियम तरी घरात पाळावेत. घट्ट बंधनाने रक्तपुरवठा थांबून हात गमावलेली मुले अस्थिरोग विभागांना नवीन नाहीत.

सूज असताना पहिल्या दिवशी केलेली तपासणी अपुरी राहते. सगळाच भाग दुखत असल्यामुळे कोणता बंध तुटला आहे हे डॉक्टरांनाही नीट कळत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरल्यावर तीच तपासणी बरीच अचूक ठरते. म्हणून पहिल्या दिवशी ‘फ्रॅक्चर नाही’ असे ऐकून परत आलेल्या खेळाडूने आठवड्याच्या आत दुसरी भेट घ्यावी. ही भेट बहुतेक जण चुकवतात.

हमखास निसटणाऱ्या दुखापती

काही दुखापती पहिल्या दिवशी साध्या वाटतात आणि सहा महिन्यांनी महागात पडतात. चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना किंवा खो-खोपटू खांबाभोवती वळताना, कोणी पकडलेले नसतानाही, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येतो, दोन-चार तासांत गुडघा फुगतो आणि काही आठवड्यांनी सूज उतरल्यावर चालताना तो अचानक दगा देतो. हे वर्णन गुडघ्यातील पुढच्या आडव्या बंधाच्या, म्हणजे ए.सी.एल.च्या, दुखापतीचे आहे. येथे आधी हाताने तपासणी आणि गरज वाटली तर एम.आर.आय., हा क्रम असावा; तपासणीविना थेट स्कॅन सेंटर गाठून अहवाल हातात घेऊन डॉक्टर शोधत फिरण्यात पैसा जातो आणि गोंधळ वाढतो. बंध तुटला असला तरी शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी करायची नसते. सूज उतरणे, गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा स्नायू जागा होणे, यासाठी आधी काही आठवडे फिजिओथेरपी घेतल्यास शस्त्रक्रियेनंतरचा प्रवास सोपा जातो. त्यामुळे सरकारी रुग्णालयात तारीख लांबली तर तो काळ वाया गेला असे मानू नये, तो व्यायामाने भरून काढावा. अपवाद एकच लक्षात ठेवावा: गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेली गादी सांध्यात अडकलेली असू शकते, आणि तिथे थांबू नये.

धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते, असे खेळाडू सांगत असेल, तर टाचेमागची जाड शीर तुटली आहे असे समजून तपासावे. त्याला पालथे झोपवून पाऊल पलंगाबाहेर लोंबते ठेवावे आणि पिंढरी दाबावी. चांगल्या पायाचे पाऊल त्याबरोबर खाली झुकते, तुटलेल्या शिरेचे झुकत नाही. पाऊल स्वतःहून थोडेफार हलवता येते म्हणून ही दुखापत मुरगळण्यात जमा होते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मार्ग बरेच असतात, नंतर ते कमी होत जातात.

टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये झेल घेताना बोटाच्या टोकावर चेंडू बसतो आणि शेवटचे पेर वाकून राहते, स्वतःहून सरळ होत नाही. याला शस्त्रक्रिया क्वचितच लागते. लागते ती छोटी पट्टी, पण सहा ते आठ आठवडे दिवसरात्र, आणि मधल्या काळात आंघोळीपुरतेही ते पेर वाकू द्यायचे नसते. एकदा वाकले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी मनगट बांधून ठेवावे आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे, कारण तिथल्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला दिसत नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्ष झाल्यास ते जुळतच नाही.

कोणाकडे जावे

आपल्याकडे खेळाच्या दुखापती बहुतांशी अस्थिरोगतज्ज्ञ पाहतात. गुडघा आणि खांदा यांच्या बंधांसाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा नियमित अनुभव असलेला अस्थिरोगतज्ज्ञ शोधावा. घोटा, बोट, साधे फ्रॅक्चर यांसाठी जिल्हा रुग्णालय पुरेसे आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार विनामूल्य आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात येत नाहीत, मात्र त्यांचे दर खासगीच्या तुलनेत कमीच असतात. दिल्लीला जाणे शक्य असलेल्यांसाठी सफदरजंग रुग्णालयाचे क्रीडा दुखापत केंद्र हे सरकारी व्यवस्थेतील एक महत्त्वाचे ठिकाण आहे. ते २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झाले.

सरकारी बाह्यरुग्ण विभागात जाताना सकाळी लवकर पोहोचावे, अस्थिरोग विभागाचे वार आधी विचारून घ्यावेत आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर दुखापतीची गोष्ट तीन वाक्यांत सांगता यावी अशी तयारी ठेवावी: पाय कसा वळला, आवाज आला का, सूज किती वेळात आली. या तीन उत्तरांवरून जाणकार डॉक्टर अर्धे निदान करतो. निघण्यापूर्वी त्याच कागदावर फिजिओथेरपी विभागासाठी शेरा लिहून घ्यावा, नाहीतर त्या एका ओळीसाठी पुन्हा एक दिवस रांगेत जातो. प्लास्टर घातले असेल आणि ‘सहा आठवड्यांनी या’ असे सांगितले गेले असेल, तर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: या सहा आठवड्यांत कोणते सांधे हलवायचे आहेत? मनगट प्लास्टरमध्ये असताना बोटे, कोपर आणि खांदा यांची हालचाल दररोज केली नाही, तर प्लास्टर निघाल्यावर मोडलेल्या मनगटापेक्षा आखडलेला खांदा अधिक त्रास देतो.

फिजिओथेरपिस्ट कसा निवडावा

खासगी क्लिनिकमध्ये फिजिओथेरपीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट सहसा नसते, म्हणून वर दिलेली धोक्याची लक्षणे नसतील तर मुरगळलेल्या घोट्यासाठी थेट फिजिओथेरपिस्टकडे जाण्यास हरकत नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट गरज दिसताच स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतो. पात्रता मात्र पाहावी. महाराष्ट्रात बी.पी.टी.एच. ही फिजिओथेरपीची पदवी असून व्यावसायिकाची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक भिंतीवरील प्रमाणपत्रावर असतो, आणि तो विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. जिममधला प्रशिक्षक, मालिश करणारा आणि काही आठवड्यांचा कोर्स केलेला ‘थेरपिस्ट’ हे तिघेही आपापल्या जागी उपयोगी असतील, पण ताज्या दुखापतीचे निदान हे त्यांचे काम नाही.

खर्च परवडत नसेल तर फिजिओथेरपी महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग हा आपल्या राज्यातला सर्वांत कमी वापरला जाणारा पर्याय आहे. मुंबईत के.ई.एम. रुग्णालय आणि हाजी अली येथील १९५५मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था, पुण्यात संचेती, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी, लोणी, कराड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर अशा ठिकाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. तिथे वेळ अधिक लागतो, प्रश्न अधिक विचारले जातात आणि दोनदा तपासले जाते; रुग्णाच्या दृष्टीने हा तोटा नसून फायदा आहे. जिथे पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्रीडा फिजिओथेरपीचा विभाग आहे, तिथे त्याच विभागाचे नाव सांगून वेळ घ्यावी.

पहिल्या भेटीत काय घडते, यावरून क्लिनिकची पारख करता येते. फिजिओथेरपिस्टने दोन्ही पाय तपासून तुलना केली का, खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो हे विचारले का, कोणत्या आठवड्यात काय साध्य करायचे हे सांगितले का, आणि घरी करायचे दोन-तीन व्यायाम समोर करवून घेतले का? याउलट प्रत्येक सिटिंगमध्ये पंधरा मिनिटे करंट, दहा मिनिटे शेक आणि ‘उद्या या’ एवढेच होत असेल, तर दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नयेत. यंत्रांनी दुखणे काही काळ शमते, परंतु स्नायूची ताकद, तोल आणि सांध्याची हालचाल परत येते ती व्यायामानेच. माझ्या मते तिसऱ्या भेटीपर्यंत खेळाडूला घाम येईल असे काही करायला लावलेले नसेल, तर दुसरे क्लिनिक शोधणे योग्य.

दूरच्या गावातल्या खेळाडूने ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी. रोज एस.टी.ने ये-जा करून दिवस मोडण्यापेक्षा आठ-दहा दिवसांतून एक भेट, लेखी व्यायामपत्रक आणि स्वतःच्या फोनवर काढून घेतलेले व्यायामाचे व्हिडिओ, अशी आखणी बहुतेक दुखापतींमध्ये चांगली चालते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे मात्र शक्य असेल तर शहरातल्या नातेवाइकांकडे राहून नियमित भेटी द्याव्यात, कारण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर तो दोष नंतर भरून काढणे कठीण जाते.

खर्चाची तजवीज

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून, पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना प्रति कुटुंब दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे. ही योजना दाखल होऊन घ्यायच्या, यादीतील उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या फिजिओथेरपीचे पैसे तिच्यातून मिळत नाहीत. शस्त्रक्रिया सुचवली गेली, की कोणतीही रक्कम भरण्यापूर्वी योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावे, आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि त्या रुग्णालयाला तिची मान्यता आहे का, हे दोन्ही विचारावे, आणि पूर्वमंजुरी आल्यानंतरच तारीख घ्यावी. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावे जुळत नसतील तर ती दुरुस्ती दुखापतीआधीच करून ठेवणे शहाणपणाचे. योजनेचा दूरध्वनी क्रमांक १५५३८८ आहे. गोव्यातील खेळाडूंना बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना हे मार्ग आहेत.

खासगी आरोग्य विम्यात रुग्णालयातून सुटल्यानंतर ठरावीक दिवसांपर्यंतचा, बऱ्याचदा ६० दिवसांचा, खर्च मिळतो आणि डॉक्टरांनी लेखी सांगितलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते. त्यासाठी रुग्णालयातून सुटताना मिळणाऱ्या कागदावर फिजिओथेरपीचा स्पष्ट उल्लेख आणि प्रत्येक भेटीची पावती लागते. गिर्यारोहणासारख्या साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली दुखापत बहुतेक विमा करारांतून वगळलेली असते. गिर्यारोहणाच्या मोहिमा नेणाऱ्यांनी ते कलम वाचावे.

इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो, त्यामुळे शालेय स्पर्धेत दुखापत झाल्यास त्याच दिवशी शाळेच्या नोंदीत ती लिहून घ्यावी. राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंसाठी केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय क्रीडापटू कल्याण निधी आहे. उपचारांसाठीचा अर्ज रुग्णालयाच्या कागदांसह करावा लागतो.

औषधे आणि परतीचा दिवस

राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धांत खेळणाऱ्यांनी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आपण उत्तेजक चाचणीच्या कक्षेत येतो हे सांगावे. सांध्यात किंवा स्नायूत दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने २०२२पासून आणि ट्रामाडोल हे सर्रास लिहिले जाणारे वेदनाशामक २०२४पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. खरोखर गरज असेल तर उपचारासाठीची सवलत रीतसर अर्ज करून मागता येते, पण तिच्यासाठी वैद्यकीय कागद लागतात. पॅरासिटामॉल निषिद्ध नाही आणि पहिल्या दिवसांसाठी ते बहुधा पुरते. वेदनाशामक घेऊन त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरणे मात्र कोणत्याही पातळीवर टाळावे, कारण दुखणे हीच तेव्हा सांध्याची एकमेव राखण असते.

परत केव्हा खेळायचे, हे स्पर्धेच्या तारखेवरून ठरवू नये. घोट्याच्या दुखापतीत दुखऱ्या पायावर उड्या मारता येणे, डोळे मिटून एका पायावर उभे राहता येणे आणि नागमोडी धावता येणे, एवढे जमल्यावर सराव सुरू करावा. तोल साधण्याचे व्यायाम त्यानंतरही सुरू ठेवावेत आणि पहिले काही महिने सामन्यात घोट्याला पट्टा किंवा टेप बांधावी, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका मोठा असतो. ए.सी.एल.च्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपूर्वी सामन्यात उतरू नये, आणि नऊ महिने झाले तरी दोन्ही पायांची ताकद व एका पायावरच्या उडीचे अंतर मोजून दुखापत झालेला पाय दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्के आहे याची खात्री करावी. यातील उडीची मोजणी करायला टेप आणि खडू पुरतो. मंडळाने ही दोन्ही मोजमापे फिजिओथेरपिस्टकडून लेखी घ्यावीत आणि तो कागद मिळेपर्यंत खेळाडूचे नाव संघाच्या यादीत चढवू नये.